बीपीची तिसरी गोळी लिहिण्याआधी : नाशिकच्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातील सर्व फॅमिली डॉक्टर

सविनय नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे, सातपूरला मेडिकल चालवते. तुम्ही लिहिलेल्या चिठ्ठीप्रमाणे औषध देणं आणि ते कसं घ्यायचं हे समजावून सांगणं माझं काम. निदान करणं माझं काम नाही आणि या पत्रातही मी ते करणार नाही. पण काउंटरच्या या बाजूला एक गोष्ट अशी दिसते, जी तुमच्या केबिनमध्ये, बाहेर वीस पेशंट ताटकळत असताना, दिसणं अवघड आहे. म्हणून लिहिते आहे.

एमआयडीसीतला, चाळिशी ओलांडलेला एखादा कामगार डोळ्यांसमोर आणा. आधी त्याला बीपीसाठी ॲम्लोडिपिन सुरू होते. काही महिन्यांनी जोडीला टेल्मिसार्टन येते. मग लघवी वाढवणारी गोळी मिसळलेलं तिहेरी कॉम्बिनेशन. चिठ्ठी बदलत जाते आणि बीपीचा आकडा 150-100 च्या आसपासच घुटमळत राहतो. त्याच काळात त्याच घरातून माझ्याकडे बाकीच्या मागण्याही येऊ लागतात. सकाळी उठल्या उठल्या डोकं जड असतं म्हणून डोकेदुखीची गोळी. रात्री छातीत जळजळ होते म्हणून पित्ताचं औषध. लघवीला रात्रीतून तीन-चारदा उठावं लागतं, त्यावर काही आहे का? आणि शेवटी, ‘झोप होते पण झाल्यासारखी वाटत नाही, काहीतरी द्या ना ताई.’ ही सगळी बिलं एकाच माणसाची असतात. तुमच्यापर्यंत त्यातलं फक्त बीपी पोचतं, कारण बाकीचं ‘किरकोळ’ म्हणून तो तुम्हाला सांगतच नाही.

माझी विनंती अशी आहे. दोन औषधं नीट घेऊनही ज्याचं बीपी आटोक्यात येत नाही, त्याला तिसरं लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा. तो त्याला एकट्याला विचारू नका. त्याच खोलीत जे झोपतं त्याला विचारा: हे झोपेत घोरतात का, आणि घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का?

तुम्हाला हे माहीत नाही असं मला अजिबात म्हणायचं नाही. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, तुम्ही शिकलेला आहात. पण हे पत्र खुलं आहे, ते पेशंट आणि त्यांच्या घरचे लोकही वाचतील, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. सगळ्यांचेच सैलावतात. पण ज्यांच्या मानेभोवती चरबी जास्त आहे, जबडा लहान किंवा मागे आहे, नाक कायम चोंदलेलं आहे, त्यांची श्वासाची वाट या सैलपणाने अरुंद होते. हवा खरडत जाते, तेच घोरणं. वाट पूर्ण मिटली की घोरण्याचा आवाज बंद पडतो. घरच्यांना वाटतं, चला, शांत झोपले. प्रत्यक्षात छाती-पोट वर-खाली होत असतं आणि हवा आत जात नसते. असा श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि शरीर अर्धवट जागं होतं. मोठा सुस्कारा, एखादा झटका, कूस बदलणं आणि परत घोरणं सुरू. सकाळी त्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही.

तासाला असे 5 पर्यंतचे अडथळे दुर्लक्ष करण्याजोगे मानले जातात. 15 च्या पुढे मध्यम आणि 30 च्या पुढे तीव्र. तासाला 30 म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा. सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा हा माणूस गुदमरतो आणि प्रत्येक वेळी शरीर ॲड्रेनलिनच्या जातीची रसायनं रक्तात सोडतं. रक्तवाहिन्या आवळतात, नाडी पळते, बीपी उसळतं. तीव्र आजाराच्या काही पेशंटमध्ये अशा क्षणी वरचा आकडा 200 च्या पलीकडे गेल्याच्या नोंदी आहेत. निरोगी माणसाचं बीपी रात्री दिवसापेक्षा 10 ते 20 टक्क्यांनी खाली यायला हवं. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ती रोजची विश्रांती. ॲप्नियाच्या पुष्कळ माणसांना ती मिळत नाही. आणि गोष्ट रात्रीपुरती राहत नाही. हे आवळलेपण दिवसाही टिकतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढून शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. तुमच्या दवाखान्यात सकाळी अकराला पट्टा बांधून जो आकडा दिसतो, तो आदल्या रात्रीचा उरलेला हिशोब असू शकतो.

लघवीचंही तसंच. बंद वाटेतून श्वास ओढताना छातीत जो ताण येतो त्याने हृदयाच्या कप्प्यांवर खेच बसते, हृदयाला वाटतं रक्तात पाणी जास्त झालं, आणि ते लघवी वाढवणारं हार्मोन सोडतं. म्हणून रात्री उठावं लागतं. पन्नाशीच्या पुरुषाचं हे उठणं सरळ प्रोस्टेटच्या खात्यात जमा होतं, मधुमेह असेल तर साखरेच्या, आणि लघवीची गोळी चालू असेल तर गोळीच्या. त्यातलं काहीही खरं असू शकतं. पण घोरण्याचा प्रश्न विचारल्याशिवाय प्रोस्टेटची गोळी सुरू झालेली मी पाहते तेव्हा मन खट्टू होतं.

‘हे सगळं लठ्ठपणामुळे, बीपीही लठ्ठपणामुळे आणि घोरणंही; एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?’ हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो रास्त आहे. म्हणूनच संशोधकांनी तो फार काळजीपूर्वक तपासला. 1997 साली टोरोंटोच्या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. कुत्रं झोपलं की त्याची श्वासनळी यंत्राने वारंवार बंद करायची, जागं झालं की उघडायची. काही आठवड्यांत त्या कुत्र्यांचं दिवसाचंही बीपी चढलं आणि प्रयोग थांबल्यावर पुन्हा खाली आलं. त्याच कुत्र्यांची झोप नुसत्या आवाजाने तेवढ्याच वेळा मोडली, तेव्हा दिवसाचं बीपी चढलं नाही. मग 2000 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष आले. ज्यांच्या झोपेत तासाला 15 किंवा अधिक अडथळे होते, त्यांना चार वर्षांनंतर उच्च रक्तदाब असण्याची शक्यता, अजिबात अडथळे नसलेल्यांच्या तुलनेत, जवळपास तिप्पट निघाली. वजन, वय, मानेचा घेर, दारू, सिगारेट हे सगळं हिशोबात धरूनही. 2003 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय समितीने उच्च रक्तदाबाच्या ओळखता येण्याजोग्या कारणांची यादी दिली, त्यात स्लीप ॲप्निया होता. आणि तीन औषधांनाही न बधणाऱ्या बीपीच्या पेशंटांची झोप ज्या अभ्यासांत तपासली गेली, त्यांतल्या बहुतेकांत निम्म्याहून अधिक जणांना हा आजार सापडला. टोरोंटोमधल्याच 2001 च्या एका अभ्यासात तर 83 टक्के.

आपल्याकडचं चित्र वेगळं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांपुढच्या 24 टक्के पुरुषांना आणि 21 टक्के स्त्रियांना वाढलेलं बीपी होतं किंवा त्यासाठी औषध चालू होतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी भारतातले वेगवेगळे अभ्यास एकत्र करून 2023 मध्ये काढलेला अंदाज असा की सुमारे 11 टक्के प्रौढांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे, म्हणजे कामाच्या वयातली 10 कोटींहून अधिक माणसं. यातल्या बहुतेकांनी हे नावही ऐकलेलं नसतं. त्यांच्या दृष्टीने ते नुसते घोरतात.

आणि घोरण्याकडे आपण कसे बघतो ते तुम्हाला सांगायला नको. राबून आलेला माणूस, गाढ झोपलाय, घोरणारच. ‘आमच्या ह्यांचं बरं आहे, पडल्या पडल्या झोप लागते,’ असं बायका कौतुकाने सांगतात. बसमध्ये टेकला की झोपला, जेवण झालं की झोपला, टीव्हीसमोर झोपला, कीर्तनाला बसला की झोपला. लोकांना हे सुखी माणसाचं लक्षण वाटतं. मला आता ते ऐकलं की काळजी वाटते, कारण रात्रभर झोप न मिळालेलं शरीर दिवसा मिळेल तिथे ती वसूल करत असतं. कंपनीत तिसरी पाळी करणाऱ्यांचं तर आणखी अवघड. त्यांची पेंग सगळेच पाळीवर ढकलतात, ते स्वतःही.

इथे एक अनुभव सांगते. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका बाई नवऱ्याच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. तीन प्रकारच्या गोळ्या होत्या, आणि एक डोस नुकताच वाढवलेला. मी सहज विचारलं की रात्री झोप कशी असते. त्यांनी आधी इकडे-तिकडे पाहिलं, दुकानात दुसरं कोणी नाही याची खात्री केली आणि मग म्हणाल्या, ‘मीच झोपत नाही ताई. त्यांचा श्वास बंद पडतो. मी हलवते, मग परत चालू होतो.’ कितीतरी महिने त्या बाई रात्री जाग्या राहून नवऱ्याचा श्वास राखत होत्या आणि हे कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना का नाही सांगितलं, तर म्हणाल्या, ते एकटेच जातात दवाखान्यात, आणि घोरण्याचं काय सांगायचं डॉक्टरांना. मी त्यांना तेच वाक्य कागदावर लिहून दिलं आणि पुढच्या वेळी सोबत जायला सांगितलं. त्यांच्या डॉक्टरांनी ते वाचलं, लगेच तपासणीला पाठवलं. आजार तीव्र निघाला, मशीन सुरू झालं. काही महिन्यांनी बीपी लक्ष्याच्या आत आलं आणि त्याच डॉक्टरांनी विचार करून एक गोळी कमी केली. सगळ्यांची गोळी कमी होत नाही, हे मी त्या बाईंनाही आधीच सांगितलं होतं. पण त्या घरात आता दोन माणसं झोपतात. त्या डॉक्टरांबद्दल मला फार आदर आहे. एका ओळीच्या कागदावर त्यांनी विश्वास ठेवला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही माहिती घरात असते. ती दवाखान्यात येत नाही, कारण ती जिच्याकडे आहे तिला कोणी विचारत नाही.

बायकांचं स्वतःचं तर त्याहून मागे पडतं. पाळी गेल्यावर स्त्रियांमध्ये हा आजार बराच वाढतो, पण त्या ‘घोरते’ म्हणून येत नाहीत. नवरा सांगत नाही, किंवा त्याला जाग येत नाही, आणि बाईमाणसाचं घोरणं बोलून दाखवणं घरात अजून लाजेचं मानलं जातं. त्या येतात थकवा घेऊन, डोकेदुखी घेऊन, ‘रात्री दोनला डोळे टक्क उघडे’ घेऊन. त्यांना हिमोग्लोबिन, थायरॉइड, टेन्शन या तिन्ही दारांतून फिरवलं जातं. ही दारं चुकीची नाहीत, थायरॉइड तर तपासायलाच हवा, कारण तो कमी असेल तरी ॲप्निया होऊ शकतो. पण बीपी असलेल्या पन्नाशीच्या बाईला ‘तुम्ही घोरता असं कोणी म्हणालंय का’ हे विचारलं गेलेलं मी फारच क्वचित ऐकते.

आता झोपेच्या गोळ्यांविषयी, आणि हे मी जरा आग्रहाने लिहिणार आहे. अल्प्राझोलामसारखी औषधं शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीत येतात. चिठ्ठीशिवाय आम्ही ती देत नाही, प्रत्येक विक्रीची रजिस्टरमध्ये नोंद ठेवतो. त्या रजिस्टरमध्ये बीपीची औषधं नेणाऱ्या पेशंटांची ओळखीची नावं वारंवार दिसतात. ज्याला खरोखर नुसती चिंता किंवा निद्रानाश आहे त्याच्यासाठी ती औषधं तुम्ही विचार करूनच लिहिता. पण ज्याचा श्वास अडकतो आहे, त्याच्या घशाचे स्नायू या गोळीने आणखी सैल पडतात, आणि गुदमरल्यावर जागं करणारी जी एकमेव यंत्रणा त्याच्याकडे उरलेली असते तीही मंदावते. रात्रीच्या दारूचं तेच. ‘एक पेग घेतला की मस्त झोप लागते’ म्हणणाऱ्याला त्या रात्री घरच्यांनी कान देऊन ऐकावं. म्हणून माझी दुसरी मागणी पहिल्यापेक्षाही तातडीची आहे: बीपीच्या पेशंटला झोपेची गोळी लिहिण्याआधी घोरणं आणि श्वास थांबणं या दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत.

बीपी न उतरण्याची दुसरीही कारणं असतात आणि ती आधी बघायला हवीत, हे मी विसरलेले नाही. गोळी एक दिवसाआड घेणारे आहेत, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडणारे आहेत. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक रोज खाणारे आहेत. सर्दीच्या गोळ्या महिनाभर चालवणारे आहेत. पापड, लोणचं, फरसाण आणि रविवारची मिसळ यातलं मीठ कोणी मोजत नाही. यातलं पुष्कळ आम्हा औषधविक्रेत्यांना दिसतं आणि आम्ही ते तुम्हाला कळवायला हवं. ही चौकशी झाली आणि तरी आकडा हलला नाही, तर पुढचा प्रश्न झोपेचा.

त्यासाठी वेळ किती लागतो? कॅनडात 2008 मध्ये तयार झालेली ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची चाचणी तुम्हाला ठाऊक असेल. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिलं आहे का, बीपी, वजन, वय पन्नाशीच्या पुढे, मान 40 सेंटिमीटरहून जाड, आणि पुरुष असणं. तीन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर पुढची तपासणी करावी. बीपीचा प्रश्न तुमच्या पेशंटच्या बाबतीत आधीच ‘हो’ आहे. पन्नाशी ओलांडलेला पुरुष असेल तर तीन तिथेच भरले. यातली वजनाची रेषा मात्र बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 35 ला आहे, ती आपल्या लोकांसाठी फार वर आहे. आपल्याकडे 25 लाच लठ्ठपणा धरतात, आणि आशियाई चेहऱ्याच्या व जबड्याच्या ठेवणीमुळे कमी वजनातही हा आजार होतो. तेव्हा ‘हा काही फार जाड नाही’ म्हणून सोडून देऊ नका. सडपातळ माणसंही असतात यात.

आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो तपासणी फॉर्म घरोघरी भरतात, त्यातल्या धोक्याचे गुण मोजणाऱ्या भागात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला आजार विचारतात. घोरणं विचारत नाहीत. तो फॉर्म बदलणं तुमच्या हातात नाही. तुमच्या दवाखान्यातला केसपेपर मात्र तुमचाच आहे.

तपासणीचं ओझं वाटतं, हे मला कळतं. रात्रभर लॅबमध्ये झोपून, डोक्याला तारा लावून करायची पूर्ण तपासणी सगळ्यांना परवडत नाही आणि सगळ्यांना लागतही नाही. इतर मोठे आजार नसलेल्या, लक्षणं स्पष्ट असलेल्या माणसाला घरी झोपून करायची छोटी तपासणी चालते. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा सेन्सर. कोरोनाच्या साथीनंतर घराघरांत ऑक्सिमीटर पडून आहेत आणि लोक मला विचारतात की याने कळेल का. जागेपणी एकदा बोट घालून 98 दिसलं तर त्यातून झोपेविषयी काहीही कळत नाही. रात्रभर नोंद ठेवणारं यंत्र वेगळं. हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत तर लोक तुमचं ऐकतील, माझ्या सांगण्याला तेवढं वजन नाही. आणि शक्य असेल तिथे 24 तास बीपी मोजणारा पट्टा लावा. रात्री आकडा खाली येत नाही हे कागदावर दिसलं, की पेशंटलाही पटतं.

उपचाराबद्दल मला जास्तीची आशा विकायची नाही. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये मांडलेली सीपॅपची पद्धत, म्हणजे मास्कमधून हलक्या दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवणं, आजही मुख्य उपचार आहे. त्याने बीपी सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं. औषधांना न बधणाऱ्या बीपीवर स्पेनमध्ये झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते 24 तासांच्या सरासरीत 3.1 अंकांनी उतरलं, आणि मशीन जास्त तास वापरणाऱ्यांचं जास्त उतरलं. 2016 च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी साडेतीन तासही लावलं नव्हतं, हेही खरं. म्हणजे मशीन हा गोळीला पर्याय नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या, कमी करायच्या की नाही ते तुम्ही ठरवायचं. पण त्याच चाचणीत दिवसाची पेंग कमी झाली आणि लोकांचं रोजचं जगणं सुधारलं. कंपनीतल्या यंत्रावर किंवा रस्त्याच्या वळणावर झोप न लागणं आणि रात्री जागी न राहणारी बायको, यांना तुम्ही उपचाराचं यश म्हणणार नाही का?

मशीनची किंमत पंचवीस-तीस हजारांपासून पुढे असते, कामगाराच्या घरात ती मोठीच रक्कम. पहिले आठवडे त्रासाचे जातात. मास्क गळतो, तोंड कोरडं पडतं, आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत तर फारच, आणि रात्री लाइट गेली की मशीन बंद. याच टप्प्यावर पुष्कळ लोक ते कपाटावर ठेवून देतात. त्यांना त्या वेळी ‘थोडं सोसा, मास्कचा आकार बदलून बघू’ असं सांगणारा ओळखीचा आवाज लागतो, आणि तो तुमचाच असतो, पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाचा नाही. ज्यांचा आजार सौम्य आहे त्यांच्यासाठी कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं, नाकाचा इलाज, दंतवैद्याकडून जबडा पुढे ठेवणारी पट्टी, हे मार्ग आहेत. आणि वजन. विस्कॉन्सिनच्याच पाहणीत 10 टक्के वजन उतरलं तर झोपेतले अडथळे सुमारे 26 टक्क्यांनी कमी होतील असा हिशोब निघाला. 80 किलोच्या माणसाला 8 किलो. अवघड आहे, अशक्य नाही. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपाटाइडच्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाल्यापासून माझ्याकडेही चौकशा वाढल्या आहेत. ते कोणाला द्यायचं हे तुमचं क्षेत्र. माझी विनंती इतकीच की इंजेक्शनाची चिठ्ठी झोपेच्या तपासणीआधी येऊ नये.

एक विषय राहिला, आणि तो एकट्या पेशंटचा नाही. नाशिक हे ड्रायव्हरांचं शहर आहे. आडगावचं ट्रक टर्मिनल, मुंबई-आग्रा महामार्ग, कसारा घाट, लासलगाव-पिंपळगावहून रात्री निघणाऱ्या कांद्याच्या गाड्या, द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडहून जाणारे कंटेनर. स्लीप ॲप्निया असलेल्या चालकाला अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं आहे. चालकाच्या परवान्यासाठी तुम्ही जो फॉर्म 1ए भरून सही करता, त्यात नजर, रंग, रातांधळेपणा, कान, हातपाय यांची चौकशी आहे. झोपेची नाही. तरी ती विचारायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. मानेचा घेर, बीपी आणि ‘गाडी चालवताना कधी डुलकी लागली का’ हे विचारायला दोन मिनिटं पुरतात. तो खरं सांगणार नाही, परवाना जाईल या भीतीने. म्हणून त्याला आधीच सांगा की यावर इलाज आहे आणि इलाज घेऊन गाडी चालवता येते. 2027 च्या सिंहस्थासाठी राज्यभरातून बस आणि चालक नाशिकला येतील, आपले चालक, पोलीस, सफाई कर्मचारी रात्र-रात्र ड्युटी करतील. त्यांची तब्येत तपासली जाईल तेव्हा बीपीच्या पट्ट्याबरोबर हा प्रश्नही असावा, यासाठी तुमच्या संघटनेने महापालिकेकडे आणि जिल्हा रुग्णालयाकडे आत्ताच शब्द टाकावा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. फॅमिली डॉक्टरांसाठी झोपेच्या आजारांवर एक दिवसाचं प्रशिक्षण घ्या, असं त्यांना तुम्ही सांगितलंत तर त्याला अर्थ येईल.

माझ्या बाजूने मी काय करू शकते ते लिहिते. वरचे आठ प्रश्न सोप्या मराठीत एका पानावर मांडून ठेवले आहेत. त्यात वजनाची रेषा आपल्या लोकांना लागू पडेल अशी कुठे ठेवायची, हे तुमच्यापैकी कोणीतरी मला सांगावं. काउंटरवर मोजपट्टी आहे, मान मोजून आकडा लिहून देईन. तुम्ही चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘झोप’ एवढाच शब्द लिहिलात, तर मी ते पान पेशंटच्या घरच्यांकडून भरून घेऊन पुढच्या भेटीला तुमच्याकडे पाठवेन. निदान तुमचं, निर्णय तुमचा. सातपूर, अंबड, सिडको भागातल्या आणखी काही औषधविक्रेत्यांशी बोलले आहे, त्यांची तयारी आहे. पंचवटी आणि नाशिकरोडला अजून कोणी भेटलेलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी आपापल्या जवळच्या मेडिकलवाल्याला एवढं पत्र दाखवावं, पान मी पोचवते.

आपली नम्र,
एक फार्मासिस्ट, सातपूर, नाशिक